गुणवंताची शेवटची तामील

गुणवंता घाटोळे दारात उभा राहिला की घरातलं माणूस घरात नसायचं. हे मी गमतीनं लिहीत नाही. एकतीस वर्षं तो कोर्टाची समन्स घरोघरी पोचवत होता. कोणत्या कोर्टाची ते सांगत नाही. आमच्या आसपास दोन-तीन आहेत, त्यांतलं कोणतंही समजा. त्याच कोर्टाच्या फाटकाशी बसून मी लोकांचे अर्ज टाइप करायचो, आधी मशीनवर आणि आता कॉम्प्युटरवर. माझं नाव देवीदास, पण सगळे मुन्शीजी म्हणतात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. आम्ही दोघं त्या पायरीवरच म्हातारे झालो, त्यावरून आमच्या शहाणपणाचा काय तो अंदाज करावा.

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरपासून बोरगावपर्यंत आणि तिकडं पांढुर्ण्याच्या वाटेवरच्या खेड्यांपर्यंत, त्याच्या लुनाचा आवाज सगळे ओळखायचे. कोण गोठ्यात लपतो, कोण बायकोला पुढं करतो, कोण 'तो माझा भाऊ, मी नव्हे' म्हणतो, हे त्याला पाठ होतं. समन दिलं, सही नाहीतर अंगठा घेतला, की झाली तामील. माणूस सापडलं नाही तर पुन्हा जायचं. तिसऱ्या खेपेलाही दार बंद असेल तर दोन साक्षीदार उभे करून कागद दारावर चिकटवायचा. याला कोर्टात चस्पा म्हणतात. आणि माणसानं कागद घ्यायला नाही म्हटलं तर तसं लिहून आणायचं, तीही तामीलच. दारावरचा कागद अख्खं गाव वाचतं, आणि त्या घराकडं काही दिवस कोणी विरजण मागायलाही जात नाही.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच वर्षी गुणवंता निवृत्त झाला. त्यानंतर त्याला कळलं की तालुक्यातलं प्रत्येक दार त्याला माहीत आहे आणि एकाही दारात त्याला कोणी चहा विचारत नाही. लग्नाला बोलवायचे, पण पंगतीत शेजारचा माणूस त्याच्या खिशाकडं बघत जेवायचा. तो रोज येऊन माझ्या बाकावर बसायचा आणि कोर्टात जाणाऱ्या माणसांची नावं, बापाच्या नावासकट, स्वतःशीच पुटपुटायचा.

त्याची भाची उर्वशी पांढुर्ण्यात राहते. तिच्या वडलांचं खत-बियाण्याचं दुकान आहे, त्यावरच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून तिनं पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं 'जिल्ह्याची गोष्ट'. दोन माणसांनी समोरासमोर बसून गप्पा मारायच्या आणि बाकीच्यांनी त्या मोबाइलवर ऐकायच्या. हे काम आमच्याकडं पानठेल्यावर फुकट होतं, असं मी तिला म्हणालो. ती हसली, पण तिची अडचण खरीच होती. पाहुणेच मिळत नव्हते. मोठे अधिकारी 'येतो' म्हणून येत नव्हते, आणि जे येत होते ते तासभर स्वतःचीच आरती ओवाळत होते.

"मामाजी, तुमाले तर दार न दार माहीत आहे," ती गुणवंताला म्हणाली. "मले साधी माणसं शोधून द्या ना. कामाची, अनुभवाची."

त्या दिवशी गुणवंता माझ्याकडं आला तो लग्न ठरल्यासारखा. "देवीदासभाऊ, पोरीनं काम देलं मले. माणसं हजर कराची. आपलं तर हेच काम होतं न बावा."

त्यानं नवं रजिस्टर घेतलं. त्यात रकाने आखले: नाव, वडलांचं नाव, गाव, पहिली खेप, दुसरी खेप, तिसरी खेप, परिणाम. निमंत्रणाचे कागद मी टाइप करून द्यायचे ठरलं. मी त्याला म्हणालो, अरे, गप्पा मारायला बोलावतोस, फोन कर. तो म्हणाला, फोनचा काही पुरावा राहत नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

पहिलं नाव रघुनाथरावांचं. वय अठ्ठ्याहत्तर. संत्र्याची कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. लुनाचा आवाज ऐकला आणि ते मागच्या दारानं बगीच्यात गेले. गुणवंता पुढच्या दारात उभा राहून सांगत होता, "समन नाही जी, नुसत्या गप्पा माराच्या हायेत." आतून सूनबाईचा आवाज आला, "ते घरी नाहीत. अन् ते गप्पा नाही मारत."

दुसरे रामाजी. चाळीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस तोलला. ते आले, कारण गुणवंतानं दोन साक्षीदारांसमोर त्यांची सही घेतली होती. येताना आधार कार्ड आणलं आणि ओळखीच्या वकिलाचा असिस्टंटही आणला. उर्वशीनं गोड आवाजात विचारलं, "काकाजी, तुमच्या तरुणपणी कापसाच्या बैलगाड्यांची रांग कुठपर्यंत लागायची?" रामाजींनी असिस्टंटकडं पाहिलं आणि म्हणाले, "मले आठवत नाही. मी त्या दिवशी गावात नव्हतो." पाऊण तास असाच गेला. तो भाग एकोणतीस वेळा ऐकला गेला, त्यात दोनदा मीच ऐकला.

असे सहा-सात झाले. गुणवंता आणायचा ती माणसं माइकसमोर साक्षीला बसल्यासारखी बसायची. विचारलं तेवढं बोलायची, आणि उठताना हमखास विचारायची, "पुढची पेशी कधी?", म्हणजे कोर्टाची पुढची तारीख कधी. उर्वशी शेवटी कंटाळली. तिला नागपूरला नोकरी लागली होती. "मामाजी, एक शेवटचा भाग करते अन् बंद करते," ती म्हणाली. "ज्याचं म्हणणं आजपर्यंत कोणी ऐकलंच नाही असं एक माणूस आणून द्या. बस."

गुणवंता दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर आला आणि त्यानं चहा घेतला नाही. तिथंच मला काहीतरी बिनसल्याचं कळायला हवं होतं.

"एक बाई हाय," तो म्हणाला. "अंबाबाई. बोरगावच्या पलीकडं राह्यते."

मग त्यानं जे सांगितलं ते सव्वीस वर्षं त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या शेजारी बसून रोज चहा पीत होता, तरी मलाही नाही. अंबाबाईचा नवरा गेला तेव्हा तिला सहावा महिना होता. दिरानं लगेच नवऱ्याच्या वाट्याच्या संत्र्याच्या बगीच्यावर दावा टाकला. एकशे चाळीस झाडं होती. समन घेऊन गुणवंता गेला तर दाराला कुलूप.

"शेजारनीनं सांगतलं, बाळंतपनाले मायघरी गेली मनून," तो म्हणाला. "नियमानं पुन्हा जाचं होतं. मे महिना होता. माही सायकल पंक्चर. दिरानं सावलीत बसवलं, ताक पाजलं, अन् दोन गवाह उभे केले. म्या लिवलं, बाईनं कागद घ्यायले नकार देला."

"आणि मग?"

"मंग काय. तारखेले ती आलीच नाही. तिले मालूमच नव्हतं. एकतर्फी निकाल लागला."

बगीचा गेला. त्याहून वाईट म्हणजे गावानं बोलणं धरलं. सरकारी कागद परत पाठवणारी माजोरी बाई, आता भोगते आहे. ती सांगायची, मी नाही म्हटलंच नाही, मी इथं नव्हतेच. पण कागद एक बोलत होता आणि एक निरक्षर बाळंतीण दुसरं बोलत होती, तेव्हा लोकांनी कोणाचं ऐकायचं ते ऐकलं. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या बगीच्यात संत्री तोडायला आणि दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाते. लेक मोठी होऊन नागपूरकडं दिली. सौंसरच्या बाजारात गुणवंता दिसला की ती दरवेळी एकच विचारायची, "साहेब, मी कवा नाही म्हनली जी?" आणि हा म्हणायचा, "रेकॉर्डात तसंच हाय बाई."

मला त्याचा इतका राग आला की मी कॉम्प्युटर बंद करून टाकला. "आता काय बोंबलायचं आहे त्याचं? तूच सांगतोस की दीर मेला, त्याच्या पोरांनी जमीन विकली, झाडं तोडून तिथं गोदाम झालं. अपिलाची मुदत जाऊन जमाना झाला. बैल गेला अन् झोपा केला."

"कायद्याचं मले नोको सांगू," गुणवंता म्हणाला. "तिनं माइकमंदी सांगावं का मी नाही म्हनली नव्हती. अन् मी समोर बसून सांगन का बाई खरं बोलून राहिली, खोटं म्या लिवलं. तिच्या गावानं ऐकावं. बस, एवढं झालं पायजे माह्या हातून."

मी मान खाली घातली आणि निमंत्रण टाइप करायला घेतलं. दुसरं मी काय करणार होतो?

पहिल्या खेपेला ती कापूस वेचायला गेलेली होती. दुसऱ्या खेपेला तिनं लांबूनच लुना पाहिली आणि तो निघून जाईपर्यंत कापसाच्या पऱ्हाटीतून बाहेरच आली नाही. मी गुणवंताला बजावलं होतं, लुना गावाबाहेर ठेव, पायी जा, कागद दाखवू नको, आधी पाणी माग. त्यानं सगळ्याला हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बसस्टँडजवळच्या टपरीवर भेटला तेव्हा त्याचा चेहरा काम झाल्यासारखा होता.

"काय म्हणाली?"

"घर बंद होतं."

"मग?"

"तिसरी खेप होती न," तो म्हणाला. "चस्पा करून आलो."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. आपण काय केलं ते त्याला कळलंच नव्हतं. एकतीस वर्षं हाताला जे वळण होतं त्या वळणानं त्यानं लुनाच्या डिकीतली खळ काढली आणि पॉडकास्टचं निमंत्रण अंबाबाईच्या दारावर डकवलं. "गुणवंता, दार कोणाचं होतं?" मी विचारलं. हळूहळू त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

सकाळी पहिल्या बसनं आम्ही निघालो. लुना मी नेऊ दिली नाही.

अंबाबाई अंगणात बसली होती. घराबाहेर, उघड्यावर. बाजूला तिचा सगळा संसार मांडलेला: दोन पातेली, पाण्याची घागर, गोधड्या, एक ट्रंक, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. कालपासून ती घरात गेली नव्हती. दारावर सरकारी कागद लागला म्हणजे घर जप्त झालं, असं तिला वाटलं. कोणी येऊन सामान फेकण्याआधी तिनंच ते काढून ठेवलं होतं. कुंपणापलीकडं चार-पाच बायका उभ्या होत्या. त्यातली कोणी आत आली नव्हती.

गुणवंताला पाहून ती उठली. पन्नाशीची असेल, दिसत होती सत्तरीची. ती घाईघाईनं म्हणाली, "साहेब, या खेपेले मी 'नाही' नाही म्हनली. पाहून घ्या. घेतला म्या कागद."

आणि तिनं दाराकडं बोट केलं. कागदाच्या खाली, सहीच्या जागी, काळा अंगठा उमटवलेला होता. तव्याची काजळी तेलात कालवून तिनं तो लावला होता, आणि एकदा लावून भागेल की नाही म्हणून तीनदा लावला होता.

मी कागद जवळून वाचला आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. निमंत्रण मीच टाइप केलं होतं, पण कॉम्प्युटरवरच्या जुन्याच नमुन्यात नाव-गाव बदलून. कोर्टाच्या हिंदीतली शेवटची ओळ काढायची राहून गेली होती: 'नियत दिनांक को उपस्थित न होने पर एकपक्षीय कार्यवाही की जावेगी।' म्हणजे ठरल्या दिवशी आला नाहीत तर तुमच्या पाठीमागं निकाल लागेल. गावातल्या कोण्या शिकलेल्यानं ती तिला मोठ्यानं वाचून दाखवली असणार. गुणवंताला मी माजोरीपणानं हसत होतो, आणि धमकी माझ्या बोटांतून गेली होती.

मी तिला समजावलं. हे कोर्ट नाही, पोरीच्या घरी नुसतं बोलायचं आहे, यायची जबरदस्ती नाही, घराला काही धक्का नाही. तिनं सगळ्याला मान हलवली. अशी मान माणसं माझ्या बाकासमोर रोज हलवतात, एक अक्षरही खरं न मानता. "लिवून द्या," एवढंच म्हणाली. मी वहीच्या पानावर लिहून दिलं की घर अंबाबाईंचं आहे आणि कोणाचीही जप्ती नाही. गुणवंतानं खाली सही केली. तिथं कुंपणाशी बायका होत्या, ऐकायला गाव होतं. तेव्हाच त्यानं बोलायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं गोधड्या उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या.

"नाही आली तरी चालंन बाई," निघताना तो म्हणाला.

"येतो न," ती म्हणाली. "मी कायले नाही म्हनू."

रविवारी अकराची वेळ दिली होती. उर्वशी साडेआठला दुकानाचं शटर उघडायला खाली आली तर पायरीवर अंबाबाई बसलेली. धुतलेलं लुगडं, पायांत दुसऱ्या कोणाच्या तरी चपला, हातात पिशवी. पिशवीत भाकर होती, आणि मी लिहून दिलेला कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला होता. उर्वशीनं वर चला म्हटलं, चहा घ्या म्हटलं. ती म्हणाली, पुकारा झाल्याबिगर मी वर येत नाही.

आम्ही दोघं साडेदहाला पोचलो. तिला उठवायचा एकच मार्ग होता, आणि तो गुणवंतालाच माहीत होता. कोर्टात पुकारा करणारा माणूस रजेवर असला की ते काम तोच करायचा. तो जिन्याच्या वरच्या टोकाला उभा राहिला आणि कोर्टातल्या आवाजात त्यानं तीनदा नाव पुकारलं. तिच्या नवऱ्याच्या नावासकट, अंबाबाई हाजिर हो.

ती वर आली. अंड्यांच्या ट्रेच्या भिंतींकडं पाहिलं, माइककडं पाहिलं, हात जोडले.

"हाजर हाय जी."

उर्वशीनं हळूच विचारलं, "बाई, त्या वेळेस काय झालं, सांगता?"

अंबाबाईनं उर्वशीला साहेब समजून हात जोडलेलेच ठेवले होते. मग समोरच्या माइकवरून गुणवंता बोलला. मला वाटलं होतं तो अडखळेल, पण त्यानं ते एका दमात सांगितलं, सव्वीस वर्षं पाठ केल्यासारखं. मे महिना, कुलूप, शेजारीण, ताक, दोन गवाह. "बाईनं नकार देला नव्हता. ती गावातच नव्हती. खोटं म्या लिवलं." शेवटी तो रडला. मलाही रडू आलं, त्याची मला लाज नाही.

अंबाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे मले कायले सांगता?" ती म्हणाली. "मले तर मालूमच हाय. त्या साहेबाले सांगा, ज्यानं निकाल देला."

"ते वारले बाई."

"बरं."

उर्वशी डोळे पुसत म्हणाली, "मावशी, हे मी मोबाइलवर टाकीन. तुमचं सारं गाव ऐकीन."

"गावात मोबाइल पोराईकडं हायेत," अंबाबाई म्हणाली. "त्याईले मालूम नाही, गोदाम हाय तथी बगीचा होता मनून."

उर्वशीनं माइक बंद केला. तो भाग तिनं पुढं कधी लावला नाही. बाईच्या परवानगीचा कागद हवा होता, आणि त्या कागदावर तिचा अंगठा मागायला कोणीही तयार झालं नाही. मीसुद्धा नाही.

अंबाबाई उठली, पिशवी उचलली, आणि जिन्यापाशी थांबली.

"पुढची तारीख?"

"आता तारीख नाही बाई," गुणवंता म्हणाला. "झालं."

"मंग निकाल काय लागला?"

एकतीस वर्षांत गुणवंतानं माणसांना तारखा सांगितल्या होत्या. निकाल सांगणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. ती थोडा वेळ उभी राहिली, त्याच्याकडून काही येईल म्हणून. मग सौंसरची बस निघून जाईल म्हणाली आणि भिंतीला धरून एकेक पायरी खाली उतरली.